कमी नावाजलेल्या प्रदेशांतली पैसा वसूल वाइन कशी शोधावी

नावाजलेल्या प्रदेशाची वाइन परवडेनाशी झाली की लोक अनोळखी प्रदेशांकडे वळतात आणि बहुतेक जण तिथे एकच घोळ घालतात. जे नाव कधी ऐकलेलं नाही आणि ज्याची किंमत सगळ्यात कमी आहे ती बाटली उचलायची, घरी आणून चाखायची, आवडली नाही तर ‘पोर्तुगालच्या वाइनमध्ये काही दम नाही’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. एका बाटलीपायी अख्खा देश बाद होतो. यात तीन गोष्टी राहून गेलेल्या असतात. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे ठरलेलं नसतं, ती बाटली स्वस्त का आहे हे पाहिलेलं नसतं आणि चाखताना तुलनेला शेजारी दुसरं काही नसतं.

खालचे टप्पे याच तीन गोष्टी सुधारण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. दुकानाची पायरी पाचव्या टप्प्याला चढायची आहे, त्याआधी नाही.

तयारी

एकाच आकाराचे निदान तीन ग्लास लागतील, तोंडाशी किंचित निमुळते. ग्लासाचा आकार बदलला की वास बदलतो आणि तुलनाच बिघडते. बाटल्या झाकायला कागदी पिशव्या, थुंकायला एक भांडं, साधा थर्मामीटर, पाणी आणि एक वही एवढं जमवा.

थुंकायला संकोच वाटतो हे खरं, पण तो सोडा. पोटात जाणाऱ्या प्रत्येक घोटाबरोबर जीभही सैल पडते आणि निर्णयही. शेवटची वाइन उगीचच छान वाटायला लागते. चाखायचं तेव्हा थुंकायचं, मग आवडलेली वाइन जेवणाबरोबर निवांत प्यायची.

वहीत प्रत्येक बाटलीसाठी एक पान ठेवा: उत्पादक, प्रदेश, द्राक्षाचं वाण, काढणीचं साल, अल्कोहोलचं प्रमाण, किंमत आणि कुठून घेतली. नावं लेबलवरच्या स्पेलिंगनेच उतरवा. उच्चारावरून बाटली पुन्हा शोधणं जवळपास अशक्य असतं.

टप्पा १: मापाची बाटली ठरवा

तुम्हाला आधीपासून आवडणारी एक नावाजलेली वाइन निवडा. पुढची सगळी तुलना तिच्याशी करायची आहे. ती का आवडते, हे पाच मुद्द्यांत लिहा.

आंबटपणा: घोट थुंकल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं? जितकं जास्त, तितका आंबटपणा जास्त.

टॅनिन: हिरड्या आणि गालांच्या आतल्या बाजूला कोरडं, ओढल्यासारखं वाटतं का? हे मुख्यतः लाल वाइनमध्ये जाणवतं.

भरीवपणा: तोंडात वाइन पातळ वाटते की जड?

गोडवा: इथे फसगत ठरलेली. पिकल्या फळांचा वास आला की जीभ त्याला गोड समजते. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोडवा नाहीसा झाला तर तो वासाचा होता. टिकला तर वाइनमध्ये खरोखर साखर आहे.

लाकूड: व्हॅनिला, भाजल्याचा वास, नारळासारखी छटा ही बहुतेक वेळा ओकच्या पिंपाची खूण असते.

*तपासून घ्या:* पाच मुद्द्यांपैकी कोणत्या दोनांशी तुम्ही तडजोड करणार नाही, त्यांखाली रेघ ओढा. ही रेघ ओढता येत नसेल तर मापाची बाटली पुन्हा एकदा चाखा. पुढचा शोध याच दोन मुद्द्यांवर चालणार आहे.

टप्पा २: तिचे नातेवाईक शोधा

खरं काम इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या. मापाच्या बाटलीपासून निघणाऱ्या चार वाटा आहेत.

*शेजाराची वाट.* प्रसिद्ध प्रदेशाची हद्द कागदावर संपते, माती आणि हवामान तिथे संपत नाही. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यात नावाजलेल्या सान्सेरला लागूनच मनतू-सालों आहे. तेच साव्हिन्यों ब्लाँ द्राक्ष, तशीच चुनखडीची चिकणमाती. थोडं पश्चिमेला काँसी आणि रयी आहेत. ऱ्होन नदीच्या एका काठावर नावाजलेलं शातोनफ-द्यु-पाप, तर पलीकडच्या काठावर लिराक आहे. त्याच दक्षिण ऱ्होनमध्ये वाकेरास आहे आणि 2016 मध्ये स्वतंत्र दर्जा मिळालेलं केरानही आहे. स्पेनमधल्या रिआस बायशासच्या अल्बारिन्योवर तुमचा जीव असेल तर मिन्यो नदी ओलांडून पोर्तुगालमधल्या मोंसाँव इ मेलगासुला जा. द्राक्ष तेच आहे, फक्त तिथे त्याला अल्वारिन्यो म्हणतात.

*वाणाची वाट.* एकच वाण निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी नांदतं, आणि कमी ओळखीच्या नावाची बाटली बहुधा स्वस्त मिळते. ऑस्ट्रियातलं ब्लाउफ्रेंकिश हंगेरीत केकफ्रांकोश होतं आणि जर्मनीत लेम्बरगर. ग्रनाश स्पेनमध्ये गार्नाचा असतं आणि सार्डिनियात कान्नोनाउ. कालातायुद आणि काम्पो दे बोर्हा या स्पॅनिश भागांत गार्नाचाच्या जुन्या वेली अजून टिकून आहेत आणि माझ्या मते लाल वाइनमध्ये पैसे सत्कारणी लावायला यापेक्षा चांगली सुरुवात सापडणं कठीण. फ्रान्समधल्या बांदोलचं मुख्य द्राक्ष मूर्वेद्र आहे. स्पेनच्या हुमिया आणि येक्ला भागांत तेच मोनास्त्रेल नावाने मिळतं. फ्रान्समधल्या व्हूव्रेची शेनिन ब्लाँ आवडत असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे वळा. जगात सर्वांत जास्त शेनिन तिथेच आहे आणि स्वार्टलँडमधल्या जुन्या वेलींची वाइन चाखण्यासारखी असते.

*सावधान:* वाण तेच म्हणजे चव तीच, असं समजू नका. हुमिया बांदोलपेक्षा रखरखीत आणि उष्ण आहे, त्यामुळे तिथल्या वाइनमध्ये फळ जास्त पिकलेलं आणि अल्कोहोल चढं असू शकतं. तुम्ही आंबटपणाखाली रेघ ओढली असेल तर उष्ण प्रदेशात शोधताना उंचीवरचे किंवा समुद्राच्या वाऱ्यात असलेले मळे बघा.

*पद्धतीची वाट.* फसफसणाऱ्या वाइनसाठी ही वाट सगळ्यात उपयोगी आहे. शॅम्पेनमध्ये दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीत होते आणि वाइन महिनोन्महिने यीस्टच्या गाळावर राहते. ब्रेड-बिस्किटासारखा वास येतो तो त्यातूनच. फ्रान्सच्या इतर भागांत याच पद्धतीने क्रेमाँ नावाची वाइन करतात: लुआर, अल्सास, लिमू, ज्युरा, बर्गंडी. क्रेमाँला गाळावर निदान 9 महिने राहावं लागतं, स्पेनच्या कावा या फसफसणाऱ्या वाइनलाही तेवढेच. साल न लिहिलेल्या शॅम्पेनला गाळावरचे 12 धरून एकूण 15 महिने लागतात. इटलीच्या प्रोसेक्कोत मात्र दुसरी क्रिया बहुतांशी मोठ्या बंद टाकीत होते आणि तिचा हेतू ताजं फळ जपण्याचा असतो. शॅम्पेनला पर्याय म्हणून प्रोसेक्को आणायची आणि मग तिला नावं ठेवायची, ही सर्रास होणारी चूक आहे.

*धाकट्या बाटलीची वाट.* मोठ्या नावाचा चांगला उत्पादक त्याच मळ्यांच्या आसपास साधी वाइनही करतो. इटलीतल्या पिएमोंतेमध्ये नेब्बिओलो द्राक्षापासून होणाऱ्या नावाजलेल्या बारोलोला बाजारात यायच्या आधी कायद्याने निदान 38 महिने मुरावं लागतं, त्यांतले 18 महिने लाकडात. त्याच भागातल्या लांगे नेब्बिओलोला असं बंधन नाही. द्राक्ष तेच असतं आणि कित्येकदा उत्पादकही तोच. ती लवकर प्यायला तयार होते आणि खिशालाही हलकी पडते. नेब्बिओलो त्याहून दूर शोधायची असेल तर उत्तर पिएमोंतेमधलं गात्तिनारा आणि आल्प्सच्या उतारांवरचं वाल्तेल्लिना बघा.

चारही वाटा खुंटल्या तर स्वभाव जुळवा. बारोलोचा फिकट रंग, चढा आंबटपणा आणि करकरीत टॅनिन आवडत असेल तर ग्रीसमधल्या नाउसाची क्सिनोमाव्रो चाखा. दोघींचं वाण वेगळं आहे, पण ठेवण विलक्षण जवळची. टोमॅटो आणि ऑलिव्हच्या वासावरून क्सिनोमाव्रो ओळखू येते.

*तपासून घ्या:* या टप्प्याच्या शेवटी वहीत एका मापाच्या बाटलीसमोर तीन ते चार नावं असावीत. पंधरा झाली असतील तर रेघ ओढलेल्या दोन मुद्द्यांवर गाळणी लावा.

टप्पा ३: ती स्वस्त का आहे ते पाहा

स्वस्त असण्याची चांगली कारणं: प्रदेशाचं नाव विकलं जात नाही, जमीन महाग नाही, वाणाचा उच्चार अवघड आहे, वाइन लाकडात वर्षानुवर्षं ठेवलेली नाही. वाईट कारणं: वेलींवर भरमसाठ फळ लादलं आहे, सपाट सुपीक जमिनीतून नुसतं वजन काढलं आहे, पातळपणा झाकायला साखर मागे ठेवली आहे.

इटलीतल्या सोआवेमध्ये ही दोन्ही टोकं एकाच नावाखाली दिसतात. टेकड्यांवरच्या जुन्या गाभ्याच्या भागाला सोआवे क्लासिको म्हणतात. नुसतं सोआवे लिहिलेली पुष्कळशी वाइन सपाट भागातून येते. किमतीतला फरक थोडा असतो, चवीतला मोठा. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला म्युस्कादेमध्येही असंच आहे. साधी म्युस्कादे हलकी असते, पण क्लिसों, गोर्ज आणि ल पाले या गावांची नावं लावता येणारी म्युस्कादे गाळावर दीड-दोन वर्षं मुरवलेली असते. भरीव, खारट छटेची आणि काही वर्षं टिकणारी ही पांढरी वाइन तिच्या किमतीच्या मानाने अजूनही फार उपेक्षित आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुकानातली सगळ्यात स्वस्त बाटली सहसा सोडून द्या. बाटली, बूच आणि वाहतूक यांचा खर्च स्वस्त बाटलीलाही जवळपास तेवढाच पडतो, त्यामुळे आतल्या द्राक्षांच्या वाट्याला फार थोडे पैसे उरतात. एक-दोन पायऱ्या वर चढलं की वाढलेल्या पैशांतला मोठा हिस्सा वाइनवर खर्च होऊ शकतो. अनोळखी प्रदेशांचा फायदा याच पट्ट्यात मिळतो.

*सावधान:* ‘अनोळखी प्रदेश’ म्हणून फिरणाऱ्या याद्या शिळ्या होतात. ज्युरा, एटना आणि सान्तोरिनी ही नावं अशा याद्यांत अजून दिसतात, पण तिथल्या चांगल्या वाइनच्या किमती केव्हाच वर गेल्या आहेत. नावाच्या आधी आजची किंमत बघा.

टप्पा ४: लेबल वाचायला शिका

आधी मागचं लेबल वाचा. पुढचं लेबल विकण्यासाठी असतं, माहिती मागे असते.

उत्पादक कोण आणि बाटली कुणी भरली, हे पहिलं. मळेवाल्यानेच भरलेली बाटली असेल तर फ्रान्समध्ये ‘मिझ आँ बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ असं लिहिलेलं असतं, जर्मनीत ‘गुट्सआब्फ्युलुंग’. हे लिहिलेलं नाही म्हणून वाइन वाईट ठरत नाही. चांगल्या सहकारी संस्था पुष्कळ आहेत. पण उत्पादकाच्या जागी नुसता एखादा सांकेतिक क्रमांक असेल आणि प्रदेशाचं नावही मोघम असेल तर ती बाटली ठेवून द्या.

मग आयातदाराचं नाव पाहा. वाइन निवडण्यात जाणकार असलेला आयातदार सापडला की तुमचं निम्मं काम झालं. आवडलेल्या प्रत्येक बाटलीवरचं हे नाव वहीत लिहा. थोड्याच दिवसांत दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

अल्कोहोलचं प्रमाण गोडव्याचा सुगावा देतं. रीसलिंग या जर्मन पांढऱ्या वाइनवर 8 टक्के असेल तर बरीच साखर शिल्लक आहे असं समजा. ‘ट्रोकन’ आणि 12 टक्के असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आहे. युरोपीय संघात 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनवर घटक आणि पोषणमूल्यं देणं बंधनकारक आहे आणि बरेच उत्पादक ती क्यूआर कोडमधून देतात. तिथे साखर 100 मिलीमागे दिलेली असते. तिला 10 ने गुणलं की लिटरमागचा आकडा मिळतो. 4 ग्रॅमच्या आत असेल तर वाइन निःशंक कोरडी.

फसफसणाऱ्या वाइनवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ पाहून सगळ्यात कोरडी म्हणून उचलू नका. ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17.

‘रेझेर्वा’ला स्पेनमध्ये कायद्याचा आधार आहे: लाल वाइनला एकूण 36 महिने, त्यांतले निदान 12 लाकडात. अमेरिकन बाटलीवरच्या ‘रिझर्व्ह’ला देशपातळीवर अशी कुठलीच व्याख्या नाही. ‘व्हिये व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, यालाही फ्रान्समध्ये वयाची कायदेशीर अट नाही. जड बाटली आणि सोनेरी अक्षरं तर काहीच सांगत नाहीत.

*सावधान:* मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो आणि व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो या इटलीतल्या दोन सर्वस्वी वेगळ्या वाइन आहेत. पहिलीत मोंतेपुल्चानो हे वाण आहे, दुसरीत ते तोस्कानातल्या गावाचं नाव आहे आणि मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे आहे.

टप्पा ५: खरेदी

यादी घेऊन जा आणि प्रश्न नेमका विचारा. ‘काहीतरी वेगळं आणि स्वस्त दाखवा’ म्हटलं की जी खपत नाही ती बाटली पुढे येते. ‘मला सान्सेरचा आंबटपणा आणि लाकूड नसलेली चव आवडते, अमुक रकमेच्या आत तिच्या जवळ जाणारं काय आहे?’ असं विचारलं की विक्रेत्याला विचार करावाच लागतो. त्याने दिलेलं कारण वहीत लिहा. चाखल्यावर ते खरं ठरलं तर त्याचा सल्ला पुढेही धरा.

एका नावाची एकच बाटली घ्या. सूट कितीही असली तरी सहाची पेटी आत्ता नको. साध्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइनचं ताजं साल बघा. तीन-चार वर्षं पडून राहिलेली अशी बाटली सवलतीत मिळत असेल तर ती का पडून राहिली हे लक्षात घ्या. बूच वर आलेलं, झाकणाखाली चिकट ओघळ किंवा बाटली उन्हाच्या काचेशी ठेवलेली दिसली तर घेऊ नका. वाइन तापून बिघडलेली असू शकते.

टप्पा ६: शेजारी शेजारी, झाकून चाखा

मापाची बाटली आणि नवी बाटली एकाच दिवशी उघडा. किंमत आणि नाव डोळ्यांसमोर असताना जीभ निःपक्ष राहत नाही. माझीही राहत नाही, कुणाचीच राहत नाही. म्हणून दोन्ही बाटल्या कागदी पिशव्यांत घालून दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा.

तापमान सारखं ठेवा: पांढरी 9 ते 11 अंश, लाल 15 ते 17. पांढरी चाखण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजबाहेर काढा, लाल खोलीत तापलेली असेल तर तेवढाच वेळ फ्रिजमध्ये ठेवा. फार थंड वाइनचा वास दबतो आणि टॅनिन टोचतं. फार कोमट वाइनमध्ये अल्कोहोल नाकात भरतं.

प्रत्येक ग्लासात 50 मिली पुरे. आधी दोन्हींचा नुसता वास घ्या, मग एकेक घोट तोंडात फिरवून थुंका आणि थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. पातळ वाइनची चव झटकन विरते. चांगली वाइन दहा-पंधरा सेकंद सहज टिकते. मग पहिल्या टप्प्यातल्या पाच मुद्द्यांवर दोन्हींना गुण द्या. वहीत आकडे लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नका. खोलीतल्या पहिल्या मताचा रंग बाकीच्यांना लागतो.

आता तीन ग्लासांची कसोटी. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, सगळं झाकलेलं. वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून ग्लासांची जागा बदलून हे चार-पाच वेळा करा. एवढं करूनही फरक सापडत नसेल तर महाग बाटलीचे वरचे पैसे तुमच्या जिभेसाठी वाया जात आहेत. फरक सापडला तर तो रेघ ओढलेल्या दोन मुद्द्यांत आहे का, एवढंच बघायचं.

टप्पा ७: दोष की स्वभाव?

निकालाआधी ही छाननी करा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येत असेल आणि हवा लागल्यावर वाढत असेल तर बुचाचा दोष आहे. बाटली परत करा आणि प्रदेशाला नावं ठेवू नका. विझलेल्या काडीसारखा वास ग्लास घोळवल्यावर उडून जाऊ शकतो, म्हणून दहा मिनिटं थांबा. नेलपॉलिशचा उग्र वास आणि ताज्या वाइनला आलेला तपकिरी रंग हे दोष आहेत. तळाचे काचेसारखे खडे टार्टरिक आम्लाच्या क्षारांचे असतात, त्यांनी काही बिघडत नाही.

जॉर्जियातल्या काखेतीमध्ये मातीच्या पुरलेल्या रांजणांत सालीसकट केलेली पांढरी वाइन अंबररंगी आणि तुरट असते. तो तिचा स्वभाव आहे. साध्या पांढऱ्या वाइनच्या मापाने ती मोजली तर दोन्ही वाइनवर अन्याय होतो. तिच्यासाठी मापाची वेगळी बाटली ठरवा.

टप्पा ८: दुसरा दिवस आणि दुसरी बाटली

बूच लावून उरलेली वाइन फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. काही कडक लाल वाइन दुसऱ्या दिवशीच मोकळ्या होतात. पहिल्या दिवशी भपकेदार वाटलेल्या काही दुसऱ्या दिवशी रिकाम्या लागतात. दोन्ही दिवसांची टिपणं शेजारी शेजारी लिहा.

आवडली नाही तर त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या उत्पादकाची एक बाटली घेऊन टप्पा ६ पुन्हा करा. दोन वेगळे उत्पादक आणि दोन्हींत तीच अडचण, असं झालं तरच प्रदेश बाजूला ठेवा.

आवडली तर तीच बाटली आणखी एकदा घ्या, या वेळी तुलनेशिवाय, जेवणाबरोबर. दोघा-तिघांत ती सहज संपली तर पेटी घ्यायला हरकत नाही. पेटी घेतल्यावर वहीतल्या सालाभोवती गोल करा. पुढचं साल बाजारात आलं की पुन्हा एकच बाटली आणा. पाऊस, ऊन आणि दहिवर (गोठलेलं दव) दरवर्षी वेगळं असतं. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्समध्ये पडलेल्या दहिवराने कितीतरी मळ्यांचं पीक गेलं. ज्यांची द्राक्षं वाचली, त्यांच्याही बाटल्या आदल्या सालासारख्याच असतील असं गृहीत धरता येत नाही.